जुना बोर्ड, नवा प्रोसेसर : प्रस्तावना

आपल्याकडे ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखाली ठेवलेला अख्खा डबा. ‘सीपीयू दुरुस्तीला दिलाय’, ‘सीपीयूवरची धूळ पूस’ असंच घरोघरी म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्यात पंख्याखाली दडलेला असतो. जेमतेम चार सेंटिमीटरचा चौकोन. दहा-दहा वर्षं वापरूनही मालकाने तो एकदाही पाहिलेला नसतो. हे पुस्तक त्या चौकोनाविषयी आहे. तो कधी बदलावा, कधी त्याला हात लावू नये, आणि बदलायचं ठरलंच तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी काय काय तपासून घ्यावं, एवढाच त्याचा विषय. विषय लहान दिसतो, पण त्याच्या पोटात चाळीस वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरचे कष्टाचे पैसे त्यात गुंतलेले असतात.

२०२३च्या मे महिन्यातली गोष्ट. नवीन पनवेलात आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाची बारावी संपली होती. त्याच्या पीसीत एएमडीचा रायझन ३ १२०० होता, बी४५० चिपसेटचा बोर्ड, सोळा जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड. व्हॅलोरंट खेळताना ऐन चकमकीत चित्र अडखळायचं. मी रायझन ५ ५६०० सुचवला. सकाळच्या लोकलने निघालो, कुर्ल्याला गाडी बदलली, दादरहून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून सीलबंद खोका घेऊन दुपारी घरी आलो. कॅबिनेट आडवं केलं, कूलरचे स्क्रू सोडले आणि कूलर सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट इतक्या वर्षांत सुकून सिमेंटसारखी झाली होती. कूलरला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटूनच वर आला. उलटा करून पाहिला तर एका कडेच्या तीन पिना आडव्या. या जातीच्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, नखाच्या धक्क्यानेही वाकतील इतक्या बारीक. पण जुना प्रोसेसर आता कशाला लागतोय, असं म्हणून तो बाजूला ठेवला. नवा बसवला, पेस्ट लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच.

कारण नंतर कळलं. बोर्डातलं बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा मूळ प्रोग्राम, त्या नव्या प्रोसेसरच्या जन्माआधीचं होतं, त्यामुळे समोर कोण बसलंय हेच त्याला ओळखता येत नव्हतं. बायोस नवं भरायचं तर बोर्ड चालू व्हायला हवा. बोर्ड चालू व्हायला जुना प्रोसेसर हवा. आणि त्याच्या पिना आम्ही वाकवून ठेवलेल्या. मग शिसं घालायच्या पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून त्या सरळ केल्या. मुलाची आई टेबल-लॅम्प धरून उभी होती. रात्री साडेदहाला जुना प्रोसेसर सॉकेटात उतरला, बायोस भरलं गेलं, साडेअकराला नवा चालू झाला. दुकानात बायोसचा विषय निघाला नाही हे खरं, पण तो काढायचं काम माझं होतं. कूलर उचलण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, आणि कूलर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे पिळायचा, हेही त्या रात्रीपर्यंत मी फक्त वाचलं होतं. पुस्तकाची पहिली टिपणं दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली.

प्रोसेसर बदलता येतो ही कल्पना, माझ्या मते, मुळात बोर्डावर सोडलेल्या एका रिकाम्या जागेतून आली. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ होता, आणि त्याच्या शेजारी एक सॉकेट मोकळं ठेवलेलं. ज्याचं काम आकडेमोडीचं, त्याने ८०८७ हा गणिताचा जोडीदार पुढे सवडीने घ्यावा आणि तिथे बसवावा. घर बांधताना वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया उघड्या ठेवतात, तसं ते रिकामं सॉकेट मला वाटतं. आज ना उद्या इथे काही वाढेल, असा विश्वास बांधणाऱ्याने त्यात ठेवलेला असतो. पुढे ४८६च्या दिवसांत इंटेलने ‘ओव्हरड्राइव्ह’ या नावाने खास बदलीचे प्रोसेसरच विकायला काढले.

१९९३ साली पेंटियम आला. त्याच्या घडणीत आघाडीवर असलेले विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मलेले. पुढे ते नेक्सजेन या कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली, आणि एएमडीच्या के६ प्रोसेसरलाही त्यांचा हात लागला. या योगायोगापेक्षा मला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट : इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचा प्रोसेसर हे तिन्ही ‘सॉकेट ७’ या एकाच बैठकीवर बसत. गावात एकच विहीर आणि तीन आळ्यांचं पाणी तिच्यावर, असा तो काळ. १९९७ साली पेंटियम टूबरोबर इंटेलने आपली वेगळी खाच काढली, १९९९ साली अ‍ॅथलॉनबरोबर एएमडीने आपली. तेव्हापासून इंटेलच्या बोर्डावर एएमडी बसत नाही आणि एएमडीच्या बोर्डावर इंटेल बसत नाही. नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो तो इथेच, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि महाग पोचलं. १९८४च्या संगणक धोरणाने दार किलकिलं केलं. १९९७मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरचं शुल्क उतरवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि मग सुटे भाग हळूहळू आवाक्यात येत गेले. लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत, ‘असेंबल्ड पीसी’ नावाची गोष्ट उभी राहिली. कंपनीचा तयार पीसी परवडत नव्हता, म्हणून बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, आणि मराठी घरांत संगणक शिरला तो बहुतांशी असा जुळवलेला. ज्या घरात सुट्या भागांपासून पीसी उभा राहिला, त्या घराला त्यातला एक भाग बदलणं परकं वाटत नाही. आपल्याकडच्या अपग्रेडची मुळं आवडीइतकीच काटकसरीतही आहेत, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे.

२००४पर्यंत प्रोसेसर निवडणं सोपं होतं. मेगाहर्ट्‌झचा आकडा मोठा तो चांगला. पेंटियम ४ त्या वर्षी ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोचला आणि तिथेच अडकला. ठरलेली ४ गिगाहर्ट्‌झची आवृत्ती इंटेलला रद्द करावी लागली, कारण वेग वाढवला की उष्णता हाताबाहेर जात होती. मग वाट बदलली : एकच गडी जास्त पळवण्याऐवजी दोन गडी जोडीने लावायचे, पुढे चार, सहा, आठ. २००५मध्ये घरगुती प्रोसेसरात दोन कोअर आले. ही वाट महाराष्ट्राला नवी नव्हती. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तो अनेक लहान ट्रान्स्प्युटर एकमेकांना जोडूनच. काम वाटून घ्या, एकमेकांशी बोलत राहा, एकत्र मिळून मोठं ओझं उचला. तीच रीत पुढे पंधरा वर्षांत आपल्या टेबलाखाली आली. तिची अडचणही तीच : काम वाटता येण्यासारखं नसेल तर बाकीचे गडी हात बांधून बसतात. गेमच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवावं लागतं. बारा कोअरचा महाग प्रोसेसर घेऊनही गेम सहा कोअरइतकाच चालतो, असं पुष्कळदा होतं.

इंटेलने २००७च्या सुरुवातीला क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर आणला. पुढची दहा वर्षं तिचे सर्वसामान्य डेस्कटॉप प्रोसेसर चार कोअरवरच थांबले. २०१२मध्ये आय७-३७७० घेतलेल्या माणसाने २०१७पर्यंत काही बदललं नाही तर तो शहाणाच म्हणायचा. मार्च २०१७मध्ये एएमडीचा पहिला रायझन आठ कोअर घेऊन आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी इंटेललाही आय५मध्ये सहा कोअर द्यावे लागले. एखादा पीसी किती ‘जुना’ आहे हे नुसतं खरेदीचं वर्ष मोजून सांगता येत नाही. तो त्या वळणाच्या अलीकडचा की पलीकडचा, ते विचारावं लागतं.

आता सॉकेट. इंटेलच्या सॉकेटचं नाव म्हणजे त्याच्या टोकांची संख्या : ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००, १८५१. साधारण दोन पिढ्यांत नवा आकडा, म्हणजे नवा बोर्ड. ११५१मध्ये तर आकडा तोच राहिला तरी आठव्या पिढीचे प्रोसेसर आधीच्या बोर्डांवर चालत नाहीत. प्रोसेसर खाचेत अलगद बसतो, पण पीसी चालू होत नाही. त्यात फसलेली माणसं मी पाहिली आहेत. एएमडीने रायझनसाठी एएम४ ही एकच बैठक २०१७पासून कित्येक वर्षं धरून ठेवली. सरळपणे नव्हे. मे २०२०मध्ये कंपनीने सांगितलं की येणारे नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी मोठा आवाज उठवला आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. २०२२मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही दार उघडलं. अडचण होती ती बायोसची चिप लहान असल्याची, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तीत मावेना. म्हणून काही बोर्डांत नवं बायोस भरलं की अगदी जुन्या प्रोसेसरांची ओळख पुसली जाते. परतीची वाट बंद होऊ शकते. बायोस भरण्याआधी बोर्ड कंपनीच्या पानावरची टीप शब्दन् शब्द वाचा, असं मी पुस्तकात तीनदा लिहिलं आहे, आणि ते तिन्ही ठिकाणी राहू दिलं आहे.

या क्षेत्रात काही घराणी आहेत. सर्वांत जुनं घराणं वेग उपसणाऱ्यांचं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचं. १९९८चा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बोर्डाची एक सेटिंग बदलली की ४५० मेगाहर्ट्‌झवर बिनतक्रार धावायचा. पुढे एएमडीच्या ड्युरॉनवरचे तुटक सोनेरी पूल साध्या पेन्सिलीने रेघ मारून जोडले की कुलूप उघडायचं. त्या लोकांनी आपल्याला उष्णता, व्होल्टेज आणि धीर शिकवला. आजचे प्रोसेसर मात्र तापमान पाहून स्वतःच वेग वाढवतात आणि कमी करतात. उपसण्यासारखं फारसं उरलेलं नाही. या घराण्याबद्दल मला आदर आहे, पण नवशिक्याला मी त्याचा गंडा बांधायला सांगणार नाही.

दुसरं घराणं पायरी चढणाऱ्यांचं. आधी बोर्ड चांगला घ्यायचा, प्रोसेसर परवडेल तो. तीन-चार वर्षांनी त्याच सॉकेटात वरचा प्रोसेसर बसवायचा, तोवर त्याची किंमतही उतरलेली असते. एएम४ हा या घराण्याचा सुवर्णकाळ. चार कोअरचा रायझन ३ काढून त्याच बोर्डावर सहा कोअरचा ५६०० किंवा एप्रिल २०२२मध्ये आलेला ५८००एक्स३डी बसवता आला. माझा कल या घराण्याकडे आहे, हे लपवत नाही.

तिसरे लोक म्हणतात, सुटा प्रोसेसर बदलूच नका. बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा संच एकत्र विका आणि नवा संच घ्या. इंटेलच्या जुन्या सॉकेटवाल्यांसाठी हाच सल्ला बहुधा खरा असतो, कारण वरचा प्रोसेसर बाजारात मिळाला तरी तो आधीच्याइतकाच म्हातारा असतो. चौथं घराणं जुन्या बाजाराचं : कंपन्यांनी काढून टाकलेले पीसी, एच६१ बोर्डावर चढवलेला वापरलेला आय७-३७७०, अगदी कमी किमतीत. विद्यार्थ्याला त्याने हात दिला आहे. पण तिथे बिल नाही, वॉरंटी नाही, आणि प्रोसेसरपेक्षा बोर्डच आधी दगा देतो. नव्या मालातही ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याविना सुटा, प्रोसेसर स्वस्त म्हणून दाखवला तर वॉरंटी कोण देणार आणि किती वर्षांची, ते बिलावर लिहून घ्यावं. खोक्यातल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते.

घराणं कोणतंही असो, आधीचा प्रश्न एकच : अडतंय ते प्रोसेसरमुळे का? डॉक्टर नाडी पाहतो तसं हे पाहता येतं. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं हवीत, तर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवीत, तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी. तेवढ्या वेळात प्रोसेसरने शत्रू कुठे, गोळी कुठे, भिंत कुठे याचा हिशोब करून ग्राफिक कार्डाच्या हातात यादी द्यायची आणि कार्डाने रंगवायचं. दोघांतला जो हळू, त्याच्यावर वेग ठरतो. गेमचं रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणा. वेग वाढला तर कार्ड थकलं होतं. वेग आहे तिथेच राहिला तर बहुधा प्रोसेसर. ही तपासणी पाच मिनिटांची, फुकटची. पैसे फुकट गेलेले जितके लोक मला भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी ती केलेली नव्हती. सरासरी आकड्यावरही विसंबू नका. सरासरी ९० असूनही मधेच एखादं चित्र ६० मिलिसेकंद रेंगाळतं आणि नेमका तोच झटका हाताला जाणवतो. आमच्या सोसायटीतल्या मुलाचं दुखणं हेच होतं.

तो झटका का बसतो, हे समजायला स्वयंपाकघरात यावं. फोडणी करताना मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी असतो. मोहरी, हळद, तिखट, हिंग, डोळे मिटून हात जातो. त्यात नसेल ते फडताळातून काढावं लागतं, तोवर तेल तापत राहतं. आणि फडताळातही नसेल तर कुणालातरी वाण्याकडे पिटाळावं लागतं. प्रोसेसरमधली कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे फडताळ, एसएसडी म्हणजे वाणी. गेममध्ये प्रोसेसरला शेकडो वस्तूंची बारीकसारीक माहिती पुन्हा पुन्हा लागते. ५८००एक्स३डीमध्ये एएमडीने चिपवर आणखी एक मजला चढवून ही कॅश ९६ एमबी केली. घड्याळाचा वेग उलट थोडा कमी ठेवावा लागला, तरी गेममध्ये तो महागड्यांच्या बरोबरीने चालला. उलट ५६०० आणि ५६००जी या दोन नावांत एका अक्षराचा फरक, पण ‘जी’मध्ये चित्रासाठी जागा काढल्यामुळे मोठी कॅश ३२ची १६ एमबी झाली. वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्याने ‘जी’ घेऊ नये. आणि वेगळं कार्ड नसलेल्याने साधा ५६०० किंवा इंटेलचा ‘एफ’वाला प्रोसेसर घेऊ नये, कारण त्यात चित्र दाखवायची सोयच नाही.

रोजच्या कामाचं दुखणं वेगळं असतं. हिशेब, बँक, मुलांचा अभ्यास, उघडून ठेवलेले ब्राउझरचे तीस टॅब. इथे पीसी रडतो तो नव्वद टक्के वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे नाहीतर चार जीबी रॅममुळे, असा माझा अनुभव आहे. एसएसडी घाला, रॅम दोन सारख्या पट्ट्यांत आठ-सोळा करा, आणि महिनाभर वापरून पाहा. प्रोसेसरसाठी आलेल्या किती जणांना मी एवढंच करून परत पाठवलं आहे. प्रोसेसर बदलण्याच्या पुस्तकाने प्रोसेसर बदलू नका असं सांगणं काहींना विचित्र वाटेल, पण हे सांगितल्याशिवाय पुढची पानं लिहायचा मला अधिकार नाही.

हे आत्ताच लिहायला तीन निकडीची कारणं झाली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारं अंग लागतं आणि ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, त्याआधीचे प्रोसेसर यादीत नाहीत. चांगले चालणारे कितीतरी पीसी एका तारखेने ‘जुने’ ठरले. त्यांतल्या एएम४वाल्यांना नुसता प्रोसेसर बदलून पलीकडे जाता येतं, इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांना येत नाही. दुसरं, २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आहे. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशी अजस्र केंद्रं आपल्यापासून लांब कुठे नाहीत. यॉटा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर २०२०मध्ये पनवेलजवळच उभं राहिलं. एएमडीच्या एएम४नंतरच्या एएम५ बैठकीला डीडीआर५ रॅमच लागते, इंटेलच्या नव्या १८५१लाही तीच. त्यामुळे हाती असलेली डीडीआर४ रॅम आणि बोर्ड राखून नुसता प्रोसेसर बदलणं, ज्याला शक्य आहे त्याच्यासाठी, आज पूर्वीपेक्षा जास्त शहाणपणाचं झालं आहे. आणि तिसरं कारण कचऱ्याचं. चालू बोर्ड भंगारात गेला की तो कुठल्या हाताने कुठे जाळला जातो, हे पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीकडून येताना वाऱ्याच्या वासाची ओळख असलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

पनवेलचं हवामानही पुस्तकात आपोआप आलं. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा एकवीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. आपली मे महिन्यातली खोली पस्तीसची. तिथे साठ अंश दाखवलेला प्रोसेसर इथे पंचाहत्तरच्या घरात जातो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चारी बाजूंनी चाललेल्या बांधकामांची धूळ कूलरच्या पात्यांत वाकळीसारखी बसते. ती काढल्यावर निम्मं दुखणं पळालेलं मी पाहिलं आहे. आणि पावसाळ्यात लाइट लपंडाव खेळत असताना यूपीएसशिवाय बायोस भरायला बसू नका. अर्धवट भरलेलं बायोस म्हणजे मेलेला बोर्ड.

पुस्तकात ‘सर्वोत्तम दहा प्रोसेसर’ अशी यादी नाही. ती छापून येईपर्यंत शिळी होते. इथे पद्धत आहे : आपलं मशीन ओळखायची, दुखणं शोधायची, बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरांची यादी वाचायची, एसएमपीएस किती वॅट झेपवेल ते मोजायची, आणि मगच दुकानात जायची. टीपीएम बहुधा प्रोसेसरशी बांधलेलं असतं, म्हणून बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, किल्ली कागदावर लिहून ठेवायची, अशा गोष्टी यात सापडतील, कारण ती किल्ली नसल्याने एका गृहस्थांचे आठ वर्षांचे फोटो कुलूपबंद झालेले मी पाहिले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यावर नवं मायक्रोकोड आलं आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १७०० सॉकेटवर वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्याने काय पाहावं, तेही सविस्तर दिलं आहे. शब्द मात्र दुकानात बोलतात तेच ठेवले : बोर्ड, रॅम, सॉकेट, पेस्ट, पिना. ‘मातृफलक’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला दुकानात जाऊन पुन्हा भाषांतर करावं लागलं असतं. हे ज्ञान इंग्रजीत आणि हिंदी व्हिडिओंत भरपूर आहे. मराठीत ते तोंडी आहे, माणसामाणसांत विखुरलेलं, आणि ज्याची ओळख नाही त्याच्यापर्यंत पोचत नाही. ते एका जागी, सावकाश वाचता येईल असं ठेवावं, एवढी इच्छा होती.

फोटो सगळे खऱ्या मशीनचे आहेत, बरेचसे आमच्या जेवणाच्या टेबलावर काढलेले. त्यात तीन पिना किंचित तिरक्या दिसणारा एक प्रोसेसर आहे, तो त्या मे महिन्यातला रायझन ३ १२००. विंडोज ११च्या यादीत तो नाही. म्हणून एका जुन्या बोर्डावर बसवून, सोबत जीटी ७१०चं छोटं कार्ड लावून, त्यावर लिनक्स मिंट टाकलं. सध्या तो आमच्या सोसायटीच्या ऑफिसात असतो. दर महिन्याच्या पाच तारखेला ८४ फ्लॅटची देखभालीची बिलं त्याच्यावर निघतात.